आण्णांनी टिपलेली आमची टीम

माझे वडील, ज्यांना आम्ही आण्णा म्हणतो, लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचे. मी आठवीत असताना आमच्या पेठेत मुलींची फुटबॉल टीम उभी राहिली आणि मी तिची गोलकीपर झाले. तेव्हापासून लग्नाची ऑर्डर नसेल त्या संध्याकाळी आण्णा मैदानावर यायचे, गोलपोस्टच्या मागं स्टूल टाकून त्यावर उभे राहायचे आणि आमचा खेळ टिपायचे. कोल्हापुरात पोरांच्या मॅचला पाय ठेवायला जागा नसते, त्यांचे फोटो पेपरात येतात. आमचा खेळ कुणी टिपून ठेवला नाही. आण्णांनी ठेवला.

त्या कॅसेटी आईनं साड्यांच्या कपाटात जपल्या. पावसाळ्यात त्यांना बुरशी लागू नये म्हणून तिचा जीव वरखाली व्हायचा.

गेल्या वर्षी मुंबईहून फोन आला. एक निर्माती कोल्हापूरच्या फुटबॉलवर टीव्हीसाठी मालिका करत होती आणि तिला आमच्या कॅसेटींबद्दल कुणीतरी सांगितलं होतं. ती घरी आली. आण्णांनी जुना व्हीसीआर लावला. पडद्यावर चिखलात माखलेल्या आम्ही पोरी धावायला लागलो, तशी ती चहा प्यायचीच विसरली.

तिनं करारनामा आणला होता. आमच्या टीममध्ये बॅकला खेळणारी मैत्रीण आता वकील आहे. तिनं तो वाचला आणि मला समजावून सांगितलं, की सही केली तर सगळं चित्रण कायमचं कंपनीचं होईल आणि ते कुठंही, कसंही वापरता येईल. एवढ्यावर आम्ही सही करणार नव्हतो. पण नाही म्हटलं तर ही बाई उठून जाईल आणि आमची टीम पुन्हा कपाटात जाईल, अशी मला भीती वाटत होती. आण्णांना वाटत नव्हती.

"न्हाय जमलं तर च्या पिऊन जातील की," ते मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाले.

मग आम्ही आमचं म्हणणं मांडलं. मूळ कॅसेटी कोल्हापूरच्या बाहेर जाणार नाहीत. कॉपी इथंच आमच्यासमोर काढायची आणि एक आम्हालाही द्यायची. चित्रण याच मालिकेत वापरायचं. जी मुलगी पडद्यावर दिसेल तिला आधी विचारायचं, आणि आमचा भाग टीव्हीवर जाण्याआधी आम्हाला दाखवायचा. पैशाचं बोलणं फार लांबलं नाही, तिनं सांगितलेला आकडा रास्त होता. आण्णांचं मात्र एका शब्दावर अडलं. मालिकेच्या शेवटी पडद्यावर येणाऱ्या नावांत त्यांच्या नावाआधी 'सौजन्य' येणार होतं.

"सौजन्य म्हंजे मी ते कपाटातनं काढून दिलं," आण्णा म्हणाले. "मी ते शूट केलंय, बाळ. छायाचित्रण लिवा."

निर्माती गॅलरीत जाऊन बराच वेळ ऑफिसशी बोलली. परत येऊन म्हणाली, "बरोबर आहे काका. आमचा कॅमेरामनही हेच मागेल." करार नव्यानं लिहून आला, तेव्हा त्यात सगळं होतं.

पुढचे काही दिवस मी जुन्या मैत्रिणींना फोन करत बसले. एक मलकापुरात औषधाचं दुकान चालवते, एक गगनबावड्याला शिक्षिका आहे. बहुतेकींनी हो म्हणायच्या आधी, मी त्यात कशी दिसते, हे विचारलं. एकीला टीव्हीवर यायचं नव्हतं. आम्ही कारण विचारलं नाही आणि निर्मातीनंही तिचे सगळे तुकडे गाळले.

मग तयार झालेला भाग पाहायला आला. सुरुवात सुंदर होती. पण पुढं निवेदक म्हणाला, की या मुली घरच्यांचा विरोध पत्करून खेळल्या. पडद्यावर आमची सेंटर फॉरवर्ड रडत होती आणि तिची आई तिला दंडाला धरून मैदानाबाहेर ओढत होती. मागं करुण संगीत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या दिवशी मी तिथंच उभी होते.

मी निर्मातीला फोन लावला. ती अवघडली. चॅनेलवाल्यांना थोडा संघर्ष हवा होता, म्हणाली. मी तिला म्हटलं, तिची आई, म्हणजे आमच्या मावशी, कळंब्याला राहतात, कॅमेरा घेऊन या आणि त्यांनाच विचारा.

ती खरंच आली. मावशींनी मोबाईलवर तो तुकडा पाहिला आणि आधी लेकीच्या वेण्यांचं कौतुक केलं. मग म्हणाल्या, "मी कुठं आडवलंतं? पाय सुजलाता तिचा. दवाखान्यात न्हेत हुते, तर म्हनं मॅच सपूदे. म्हनून रडालती. बरी झाल्यावर मीच तिला मैदानावर सोडाय गेलते की."

निर्माती हसली, आणि मग गंभीर होऊन म्हणाली, की हे माझ्या निवेदनापेक्षा चांगलं आहे. तिनं संगीत काढलं, निवेदन काढलं आणि त्याच चित्रावर मावशींचा आवाज लावला.

मालिका लागली त्या दिवशी आमच्या घरात बसायला जागा उरली नव्हती. मावशी खुर्चीवर, आम्ही सगळ्या जमिनीवर. कुणी आपल्या मुलांना पडद्यावरची आई दाखवत होती. मी झेप घेऊन अडवलेला गोल आला तेव्हा माझ्या लेकीनं माझ्याकडं जरा नव्यानं पाहिलं. शेवटी आण्णांचं नाव आलं आणि त्याच्या आधी 'छायाचित्रण'. वकीलबाईंनी शिट्टी वाजवली.

"आक्षरं जरा मोठी पायजे हुती," आण्णा म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते दूध आणायला बाहेर पडले. डेअरी आमच्या कोपऱ्यावरच आहे. ते जेवायच्या वेळेला परत आले, आणि दूध आणायचं राहूनच गेलं होतं.