पाहुणीला दाखवलेला किल्ला

अमेरिकेत श्रूजबरीत राहून मी पीएच.डी. करत होते, तेव्हा आमच्या लॅबमध्ये एक जपानी मुलगी पोस्टडॉक होती. माझ्याकडे गाडी नव्हती. ती येता-जाता लिफ्ट द्यायची, त्यातून मैत्री झाली. पुण्यात कॉलेजात असताना सुट्टी मिळाली की मी किल्ले हिंडायचे, हे तिला माहीत होतं. 2006 मध्ये आमचे दोघींचे पेपर जपानमधल्या एका कॉन्फरन्सला लागले, तेव्हा ती म्हणाली, "नंतर दोन दिवस माझ्या घरी चल. गावाच्या वर, डोंगरावर एक जुना किल्ला आहे. पडकाच आहे, पण तुला आवडेल."

मी लगेच परतीचं तिकीट पुढे ढकललं.

तिला आई नव्हती. वडील शाळेतून रिटायर होऊन घरी एकटेच राहायचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मनातल्या मनात मी त्यांना काकाच म्हणत होते. सकाळी निघताना त्यांनी माझ्या सॅकला एक घंटी बांधली. रानात अस्वलं होती. माणूस येतोय हे त्यांना लांबूनच कळलेलं बरं.

उंच, सरळसोट झाडांतून चढून वर पोचलो. मी बुरूज आणि दरवाजा शोधत होते. तिथे होती फक्त सपाट केलेली जागा, गवत, शेवाळलेल्या दगडांचे दोन-तीन थर आणि एक फलक. बांधकाम सगळं लाकडाचं, ते केव्हाच गेलेलं. माझा चेहरा पाहून काका हसले आणि आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथे डोंगराची सोंड आडवी कापून खोल चर खणलेला होता, शत्रूला सोंडेवरून चालत येता येऊ नये म्हणून. मी त्यात उतरले. बूट पाल्यात रुतले आणि हात उंच केला तरी काठाला पोचेना. एवढी माती माणसांनी हाताने उपसली होती.

वर दोघं बोलत होते. ती बराच वेळ बोलली. मग आवाज थांबले. मी मुळं धरून वर यायला लागले, तेव्हा काकांनी हात दिला.

"काय म्हणत होते?" मी तिला विचारलं.

"चरात माती भरते. गावातले लोक मिळून साफ करतात."

तिथेच बसून आम्ही भाताचे गोळे खाल्ले. काकांनी मला काहीतरी विचारलं. "शिक्षण झाल्यावर तू भारतात परत जाणार का, विचारतायत," ती म्हणाली.

"बघू," मी म्हटलं.

माझ्या एका शब्दाचं तिने भलं मोठं वाक्य केलं. काकांनी मान डोलावली आणि चहाचा थर्मास माझ्यापुढे केला.

अमेरिकेत परत आल्यावर, एकदा डबा खाताना, ती आपणहून म्हणाली, "तू चरात उतरलीस ना, तेव्हा मी बाबांना सांगितलं. इथे अमेरिकेतच नोकरी घेतलीय म्हणून."

"तिथे सांगितलंस? डोंगरावर?"

"पाहुणी असताना ते चिडणार नाहीत, हे मला माहीत होतं."

"मग काय म्हणाले?"

"किती वर्षं, एवढंच विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. मग म्हणाले, तुझी मैत्रीण घसरेल, तिच्याकडे बघ."

मला राग असा आला नाही. आपल्याला नेण्यामागे हे होतं, एवढं कळलं.

"आधी सांगायचंस ना मला."

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

"आले असते. पण मग चरातून इतक्या लवकर वर आले नसते."

ती हसली, मग बराच वेळ डब्यात चमचा फिरवत राहिली. काका दर रविवारी फोन करायचे. परत ये, असं ते एकदाही म्हणाले नाहीत, हे तिने मला दोन-तीनदा तरी सांगितलं. वसंतात ती त्या नव्या नोकरीसाठी अमेरिकेतच दुसऱ्या गावी, कॅरीला गेली.