वाघाचं नाव न घेतल्याबद्दल शून्य

मंडळी, गडचिरोलीच्या सायबर कॅफेतून लिहितेय. डोकं अजून तापलेलं आहे.

मी बी.ए.ला इंग्रजी घेतलंय. चाचणीत युफेमिझमचं उदाहरण विचारलं होतं, म्हणजे भीतीची किंवा वाईट गोष्ट सौम्य शब्दांत आडून सांगणं. मी लिहिलं की आमच्या गावात मोहफुलं वेचायला जाताना कोणी वाघाचं नाव घेत नाही, 'मोठं जनावर' म्हणतात. सरांनी लाल रेघ मारून शून्य दिलं.

आज जाब विचारायला गेले.

"गाईडमधलं लिहीत जा ना. हे खेड्यातलं काऊन लिहून राह्यली?"

"सर, मी खेड्यातलीच आहो."

मी निघाले तर मागून सरांचा आवाज आला, "सायकलनं एकटी नको जाऊ. तुमच्या रस्त्यावर मोठं जनावर फिरून राह्यलं म्हणतात."

मी मागे वळले आणि पेपर त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी लाल रेघेखालचं माझं उत्तर पुन्हा वाचलं आणि ओशाळून हसले. मार्क मात्र वाढवले नाहीत.

नका वाढवू. वार्षिक परीक्षेतही मी हेच लिहिणार आहे.

तुमच्या गावात कशाचं नाव घेत नाहीत? सांगा, माझ्या पुरवणीत जागा भरपूर आहे.