मावशीची सही आणि मराठी वकिलाचा शोध

सुलूमावशी फोनवर एवढंच म्हणाली, "मला मराठी बोलणारा वकील शोधून दे. नाहीतर मी सही करणार नाही." म्हणून यंदा सुट्टीत गोव्याऐवजी दिल्ली.

काका केंद्र सरकारच्या नोकरीत होते, ते गेल्या वर्षी वारले. मूलबाळ नाही. लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर महिनाअखेर सोडायचं होतं. काकांनी नोएडात बुक केलेला फ्लॅट तयार होता, पण किल्ली मिळण्याआधी बिल्डरच्या इंग्रजी कागदावर सही हवी होती, तीही तीन दिवसांत. मावशी मराठीतून मॅट्रिक झालेली. माझं इंग्रजी ऑफिसपुरतं. त्या कागदातलं वाक्य पान संपलं तरी संपत नव्हतं. सही केली तर काय गमावणार ते कळेना, आणि न करावी तर ती राहणार कुठे? खरं सांगतो, मी घाबरलो होतो.

साताऱ्याहून कंदी पेढे घेऊन निजामुद्दीनला उतरलो. दुसऱ्या दिवशी मेट्रोने करोल बाग. (राजीव चौकात गाडी बदलावी लागते, तुम्ही नुसते उभे राहा, गर्दी बदलून देते.) शेजारच्या काकूंनी सुचवलेल्या मराठी वकिलांचं ऑफिस गाड्यांच्या सीटकव्हरच्या दुकानावर होतं.

"या, या! कुठले तुम्ही?"

"साताऱ्याचे."

"अहो, मग सासुरवाडीचेच की! आमची ही वाईची."

झालं. कोण कोणाचे कोण ते निघालं, घरून पोहे आले, पेढ्यांचा पुडा फुटला. काका गेल्यापासून मावशीला एवढं हसताना मी पाहिलं नव्हतं. दीड तासाने वकीलसाहेब आम्हाला जिन्यापर्यंत सोडायला आले. राजीव चौकात मावशीने माझी बाही धरली.

"अरे, कागद दाखवलाच नाही!"

कागद पिशवीत होता, पेढ्यांच्या रिकाम्या पुड्याखाली. फोन केला तर साहेब लग्नासाठी इंदूरला निघालेले. तेही ओशाळले. म्हणाले, "नोएडात माझी जुनी ज्युनिअर आहे, अरोरा. मराठी येत नाही, पण समजावते छान." मावशीचं तोंड एवढंसं झालं.

नोएडाला जाताना गाडीवरची पाटी वाचूनच चढा, कारण यमुना बँकनंतर काही गाड्या दुसरीकडे वळतात. आम्ही त्याच दुपारी तिथे पोचलो, स्टेशनबाहेर छोले-कुलचे खाऊन रिक्षा केली. सेक्टरांचे आकडे काही क्रमाने येईनात. रिक्षावाल्याला विचारलं, तर म्हणाला, "भैया, नंबर सरकार ने दिए हैं. रास्ते हमने याद किए हैं." दोन्ही बाजूंना अर्धवट इमारती आणि त्यांच्या पायाशी अजून मोहरीची शेतं.

अरोरा मॅडमनी कागद शांतपणे वाचला. "आंटीजी, इसमें लिखा है कि फ्लैट पूरा बना है और आपको कोई शिकायत नहीं. आपने देखा है?"

मावशीने फ्लॅट पाहिलाच नव्हता. मॅडम उठल्या आणि आम्हाला आपल्या गाडीतून तिथे घेऊन गेल्या. लिफ्ट बंद. स्वयंपाकघरातला नळ कोरडा. बाल्कनीच्या दाराला कडी नाही.

"अब आप मुझे समझाइए, क्या समझीं?"

मावशी म्हणाली, "मतलब, सही की तो मैंने कबूल किया कि सब ठीक है. बाद में बोंबलके क्या फायदा!"

"बिल्कुल. तो सही के ऊपर अपने हाथ से लिखिए, क्या-क्या बाकी है."

"मेरा हिंदी लिखना कच्चा है."

"मराठी में लिखिए. अंग्रेज़ी मैं साथ लगा दूँगी."

मावशीने कागदावर जागा कमी पडेल इतक्या मोठ्या, सुवाच्य अक्षरांत यादी लिहिली आणि खाली सही केली.

तिसऱ्या दिवशी बिल्डरच्या ऑफिसात क्लार्कने कागद उलटसुलट करून पाहिला. "मैडम, ये क्या लिखा है?"

"जो आपने नहीं बनाया, वो," मावशी म्हणाली.

तो आत गेला. अर्धा तास मावशी खुर्चीतून हलली नाही. शेवटी शिक्का मारलेली प्रत आली आणि किल्लीही.

तुम्हाला परगावी वकील लागला तर आपल्या भाषेचा जरूर शोधा. फक्त पेढ्यांआधी कागद काढा. आणि "काय समजलात?" असं विचारणारा भेटला, तर भाषेचं फार मनावर घेऊ नका.

साताऱ्याला परतल्यावर मी कपाटातून माझ्या स्वतःच्या फ्लॅटचा करार काढला. सगळा मराठीत, पानोपानी माझी सही, आणि वाचलेलं एकही पान नाही. रोज थोडा वाचतोय.

काल मावशीचा फोन आला. "लिफ्ट सुरू झाली. यादीतली पहिली ओळ खोडली मी. तू कुठवर आलास?"

"चौथ्या पानावर."

"समजलं तेवढं सांग बघू," मावशी म्हणाली.