यू आणि यूजी

इंदूरच्या विमानतळावर उतरलो तेव्हा माझी छाती चांगलीच फुगलेली होती. बंगळूरहून निघताना मिशनच्या अध्यक्षांनी मला सांगितलं होतं, की इंदुरात मराठी घरं भरपूर आहेत, तिथे तुमचा उपयोग होईल. त्याच विमानातून माझ्याबरोबर उतरलेला एल्डर पॉल हैदराबादचा. त्याला मराठीचा गंधही नव्हता. बॅगा येईपर्यंत मी त्याला धीर दिला आणि म्हटलं, "लोकांशी बोलायचं माझ्यावर सोड."

आम्ही मॉर्मन प्रचारक. आमच्यातली विशीची पोरं दोन वर्षं घर सोडून सेवेला जातात. पांढरा शर्ट, टाय, आणि खिशावर एक काळी पाटी. तिच्यावर पहिलं नाव नसतं. नुसतं 'एल्डर' (वडीलधारा) आणि पुढे आडनाव; माझं साळवे. मिशी धड फुटलेली नाही अशा पोराला जग वडीलधारा म्हणतं, हे दोन दिवस गमतीचं वाटतं. नंतर कुणीतरी साधं 'अरे तू' म्हणावं म्हणून जीव कासावीस होतो. बंगळूर भागात कानडी, तमिळ, इंग्रजी ऐकून कान किटले होते. इंदुरात मला एखादं मराठी घर हवं होतं आणि त्या घरात माझ्या वाट्याचं एक 'तू' हवं होतं. एवढीच माझी आशा होती.

राजेंद्र नगरात आम्हाला भाड्याची जागा मिळाली. सकाळी धर्मग्रंथाचं वाचन, मग आमच्या पंथाच्या मोजक्या कुटुंबांकडे जाणं, आणि संध्याकाळी एका छोट्या हॉलमध्ये इंग्रजीचा फुकट वर्ग. वर्गात धर्माचं नाव काढायचं नाही आणि बोलावल्याशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही, असा कडक नियम. दुसरा नियम असा, की सेवेतल्या जोडीदाराला, म्हणजे मी पॉलला आणि त्याने मला, नजरेआड होऊ द्यायचं नाही. हा दुसरा नियम मला पुढे फार जड गेला.

शहर मात्र झकास. रस्ते इतके स्वच्छ की शेंगांचं टरफल टाकायला हात धजत नाही. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरायची. पॉल टाय बांधता बांधता खाली धावायचा, बादली रिकामी करताना गाडीबरोबर गायचा. आठवडाभरात सगळी गल्ली त्याला "क्या पॉल भिया!" (भैया) म्हणून हाक मारायला लागली. मला सगळे नमस्ते करत.

वर्गात शितोळेकाकू होत्या. राहायला सुदामा नगरात; सासरचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, आता घरात काकू एकट्याच. मुलगी कॅनडात, तिला दिवस गेलेले, आणि काकूंना एकटीने विमान बदलत तिथवर पोचायचं होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हा दोघांना घरी बोलावलं. मी मनात म्हटलं, हेच आपलं घर.

काकूंनी चहाचं आधण ठेवलं. आम्हाला चहा-कॉफी वर्ज्य. मी अदबीने उभा राहिलो आणि म्हणालो, "क्षमा असावी काकू, आम्ही चहा घेत नाही. आपण कृपया गैरसमज करून घेऊ नये."

काकूंचा चेहरा पडला. मराठी घरात चहा नाकारणं म्हणजे काय, हे मला सांगायला नको. तेवढ्यात पॉल आपल्या हैदराबादी हिंदीत म्हणाला, "काकू, चाय नक्को मेरेकू. पोहे होना!"

"अगं बाई!" काकू टाळी वाजवून हसल्या. "नक्को म्हणतो! हा तर आपलाच निकला! तू कुठला रे भिया?"

पोह्यांच्या बशा आल्या. वर शेव, बडीशेप आणि जीरावन (आंबटतिखट मसाला). काकूंनी पॉलच्या डोक्यावर टपली मारली, "बस रे, पोटभर खा." मग माझ्याकडे वळून पदर सावरला. "तुम्ही पुण्याचे ना? आमच्याकडे पोह्यांवर शेव टाकतात. चालेल ना तुम्हाला?"

चालेल म्हणालो. पोहे फार चांगले होते. माझा घास मात्र कडू झाला. दीडदमडीच्या एका 'नक्को'वर तो घरचा झाला होता आणि मी, ज्याच्या तीन पिढ्या मराठीत रडल्या-भांडल्या, पाहुणा राहिलो होतो.

सोमवारी आम्हाला मोकळीक असायची. अशाच एका सोमवारी काकू आम्हाला घेऊन खजराण्याला गेल्या. व्हिसासाठी त्यांना गणपतीला साकडं घालायचं होतं. आम्ही बाहेर हारांच्या दुकानापाशी थांबलो, त्यांच्या चपला सांभाळत. परतताना गर्दी उसळली. काकूंनी पॉलचं मनगट धरलं, "तू इकडे ये रे, हरवशील!" आणि मान वळवून मला म्हणाल्या, "तुम्ही येताय ना मागून?"

मी आलो मागून. मला हेवा वाटत होता. ज्याचा हेवा वाटतो त्याच्याबरोबर झोपायचं, उठायचं, प्रार्थना करायची, एकाच कुकरचा भात खायचा. बरं, पॉल इतका सरळ की त्याचा रागही धड करता येईना. गुडघे टेकले की मी हळूच देवाला विनवायचो, आमच्यापैकी एकाची बदली कर बाबा.

वर्गात मी सर्वनामं शिकवायला घेतली. मला तो धडा आवडायचा, कारण इंग्रजी ही एकच भाषा अशी, जिच्यात पॉल आणि मी एका पायरीवर होतो. काकूंनी हात वर केला.

"मतलब, 'तू' पण यू आणि 'तुम्ही' पण यू?"

"हो काकू. दोन्हीला यूच."

"असं कसं चालेल? अदब कुठे गेली मग?"

त्यांनी आपला मार्ग काढला. पॉलला विचारलं, "व्हेअर आर यू गोइंग?" आणि मला विचारलं, "व्हेअर आर यूजी गोइंग?" सगळा वर्ग खो खो हसला. पॉल तर बाकावर लवंडलाच. मी चूक दुरुस्त केली; काकूंनी पुन्हा 'यूजी' म्हटलं. एका अक्षरात त्यांनी मला इंग्रजीतूनही बाहेर काढलं.

पावसाळा सरत आला तेव्हा अध्यक्षांचा फोन आला. देवाने माझं ऐकलं होतं, नाव फक्त माझं काढलं होतं. मला कोईमतूरला जायचं होतं. पॉल इंदुरातच राहणार होता.

निरोप घ्यायला काकूंकडे गेलो. त्यांनी शेवेचा पुडा माझ्या हातात दिला आणि माझा बांध फुटला. "काकू, मला तुम्ही कधीच तू का म्हटलं नाही?"

काकू गोंधळल्या. "अहो, पहिल्या दिवशी तुम्हीच मला 'आपण' म्हणालात. एकदम किताबी मराठी तुमची! आमची तर खिचडी. तुमच्यासमोर तोंड उघडायचं म्हणजे मला टेन्शन यायचं, कुठे काही गलत बोलले तर?"

"आता म्हणा."

त्यांनी पॉलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घसा साफ केला. "बरं. तू... बसा."

आम्ही तिघंही हसलो. मी सर्वांत जोरात हसलो, म्हणजे डोळे पुसायला सबब मिळाली.

सेवा संपवून मी पुण्याला परतलो. स्टेशनवर आईने "किती वाळलास रे" म्हणत जवळ घेतलं, बहिणीने माझी पाटी ओढून काढली. आता घरात दिवसभर तूच तू आहे, कुणी मोजत नाही. लोक इंदूर कसं होतं विचारतात. मी पोह्यांबद्दल सांगतो, रस्त्यांबद्दल सांगतो. मला वाटलं होतं, तिथलं उरलंसुरलं तिथेच राहिलं.

परवा कॅनडातून काकूंचा व्हिडिओ कॉल आला. पॉलही त्याच कॉलवर होता, हैदराबादहून. काकूंच्या मांडीवर नात होती. चांगली गुबगुबीत, मूठ चोखत होती. काकूंनी तिचा हात धरून पडद्यावर टेकवला.

"बघ सोने, हा कोण? पॉलमामा! माझा लेक, मतलब तुझा मामाच. आणि बाजूला हे बघ, साळवेसर. नमस्ते कर सरांना."

मी दोन्ही हात जोडून त्या बाळाला नमस्ते केलं.