पाठ टेकलेल्यांचा वाद

शाळकरी पैलवानांत राज्यात आजवरचा सर्वांत थोर कोण, या वादात मी तोंड घातलं. चुकलंच. तालमीसमोरच्या टपरीवर आम्ही जुने शाळासोबती चहा पीत होतो. नरसू एक नाव ठणकावत होता, बापू दुसरंच. गंमत म्हणजे नाव घेताना प्रत्येकाचा हात आपोआप स्वतःच्या पाठीवर जाई. त्याच पैलवानानं ती कधीकाळी मातीला टेकवलेली! आपल्याला हरवणाऱ्याला माणूस जन्मभर मोठा करत राहतो. तेवढीच आपल्या हरण्याला इभ्रत. मीही गहिवरून पाठ चोळली आणि म्हणालो, "आपला सदा मगदूम! तसा पुन्हा होणे नाही."

नरसूनं कप खाली ठेवला. "गप रे! तुला पाडायला पैलवान कशाला लागत होता? तू हात मिळवतानाच आडवा व्हायचास."