बाहेरच्याची जीप शेवटी

जीपच्या मागच्या सीटखाली काय काय साठतं ते फक्त क्लिनरला माहीत! भुईमुगाची टरफलं, बिडीची थोटकं, कोणाच्या लेकराचं वाळं. एकदा तर अख्खी चप्पल निघाली. किस्से पण तसेच साठतात. रोज झाडलं तरी कोपऱ्यात काहीतरी राहतंच.

मी शेलूबाजारच्या स्टँडवर माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णाच्या जीपवर क्लिनर होतो. चौथीत शाळा सुटली तेव्हापासून त्याच्याच मागे. आता अण्णा नाही. चैत्रात गेला. अजून पोळाही आला नाही.

हे सगळे किस्से अण्णा हसून हसून सांगायचा. हॉटेलच्या बाकड्यावरचे लोक पोट धरायचे. मी सांगायला लागलो की लोक अर्धा चहा ठेवून उठतात. उठू द्या. तुम्ही बसा.

*

दुष्काळात आमच्या बीडकडं विहिरीत नुसती माती राहिली. बैल गेले. अण्णा आधी ट्रकवर ड्रायव्हर होता. त्यानं होती ती जमीन विकली, मिलिटरीच्या लिलावातली जुनी जीप घेतली, वैनीला आणि मला तिच्यात बसवलं आणि सरळ इकडं वऱ्हाडात आला.

स्टँडचा कायदा सोपा. पहिली जीप भरली की सुटायची, मग दुसरी पुढं सरकायची. याला नंबर म्हणतात. नंबर लावायचं काम नानाजींचं. धोतर, टोपी, तोंडात पान. त्यांनी आमच्या जीपला एक चक्कर मारली, म्हैस विकत घेतात तशी.

"कोन गावचा?"

"बीडकडचा."

"मंग गाडी तिकडंच काहून नाही चालवत?"

"चालवली असती की, नानाजी! पण पॅसेंजरच समदे इकडं आलेत!"

बाकडं हसलं. नानाजी नाही हसले. पिचकारी टाकून म्हणाले, "शेवटी लाव. त्या पुलाकडं."

आम्हाला वाटलं, आज नवीन आहोत म्हणून शेवटी. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत येऊन पहिले उभे राहिलो. नानाजी आले आणि बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "मांगं घे. पह्यले गावच्या गाड्या, मंग बाहेरच्याची."

दुपारी डोळे चोळत आलेला गावचा ड्रायव्हर गजानन पण आमच्या पुढं लागला! जाता जाता मला म्हणतो, "अबे लहान्या, मांगची सीट पुसून ठेव, माही झोप नाही झाली!"

*

एकदा नानाजी रंगात आले होते. बाकड्यावर बसून सगळ्यांना सांगत होते, "बाहेरच्या लोकायनं गाव भरून राह्यलं. आपल्या पोट्ट्यायनं खावं काय?"

इंझोरीला दिलेली एक म्हातारी, माहेर इथलंच, गाठोडं घेऊन जीप भरायची वाट बघत बसली होती. तिनं कपाळावर हात आडवा धरून नानाजींना नीट पाहिलं.

"काय रे नारायना, तू त रिठदचा ना? तू घरजावई आला तवा मी इथंच व्हती. सासऱ्याच्या दारात पिशवी घेऊन उभा व्हता. पिशवीले बंद नव्हता, सुतळी बांधेल व्हती!"

नानाजींच्या तोंडातलं पान तिथंच थांबलं. मग ते म्हणाले, "मी बायकोकून इथला हावो!"

अण्णा पुलाकडून ओरडला, "नानाजी, मग मलाबी एक बघा की इथली! नंबर लवकर लागंल!"

ही गोष्ट अण्णानं घरी पण सांगितली. वैनीनं त्याला भाकरी वाढली, पण कालवण नाही वाढलं.

*

वैनीला लुगडं घ्यायला आम्ही शेठजींच्या दुकानात गेलो. जैन माणूस, गादी पांढरी स्वच्छ, बोलणं गोड. अण्णानं लुगड्याचा पदर बघता बघता नंबराचं गाऱ्हाणं सांगितलं.

शेठजी हसले. "अरे, आमचा पणजा मारवाडातून आला तवा त्यालेबी हे लोकं असंच म्हनत. विहिरीवर पोहरा टाकू देत नव्हते. आता पाय, 'आमचे शेठजी' म्हनतात."

अण्णा खूश झाला. "मग किती वेळ लागला, शेठजी?"

"चार पिढ्या! तुही त गाडी आत्ताशी लागली लायनीत!"

पुढल्याच बाजारच्या दिवशी हेच शेठजी हॉटेलसमोर उभे राहून नानाजींना सांगत होते, "काई म्हना, बाहेरचे लई वाढले आता."

मला इतका राग आला की हातातली पाण्याची बादली मी तिथंच उपडी केली. शेठजींच्या धोतरावर पाणी उडालं. अण्णानं मला मानेला धरून मागं ओढलं आणि हसत म्हणाला, "गप रे. नंबर लागला की माणूस आरशात मागं बघत नसतो."

*

गजाननच्या जीपची बॅटरी गेली. सकाळी बॉनेट उघडतो तर आत जागा रिकामी. त्यानं एक शिवी हवेत दिली, दुसरी आमच्याकडं बघून दिली. मग सगळे चालत पुलाकडं आले. पोळ्यात चालतात तसे, ओळीनं.

आमची सीट उपसली. माझी वळकटी सोडली. वैनीनं बांधून दिलेला भाकरीचा डबासुद्धा उघडला! डब्यात कोण बॅटरी ठेवतं? मी हातात पाना घेतला. अण्णानं तो काढून घेतला आणि खिशात टाकला.

तेवढ्यात वाशिमहून सायकलवर एक पोरगा आला. म्हणतो, "गजूभाऊ, तुमी परवा देलेली बॅटरी चार्ज झाली. घेऊन जा म्हनलं मालकानं."

माफी? काही नाही! गजानन म्हणाला, "ध्यानातच नाही राह्यलं लेका," आणि लोक आले तसे ओळीनं गेले. सीट मी एकट्यानं बसवली.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा सकाळी स्टँडवर आला की बॉनेट उघडून उभा राहायचा. "या, या! आधी आमची बघून घ्या, म्हंजे दिवस मोकळा!"

लोक हसायचे. त्यांना तो विनोद वाटायचा.

*

शेवटी उभं राहण्याची एक गंमत आहे. तुमची जीप नेहमी रिकामी असते. म्हणजे कोणाला साप चावला, कोण झाडावरून पडला, कोणाचं बाळंतपण अडलं, की सगळे पळत पुलाकडंच येणार. नंबरातली गाडी हलली तर तिचा नंबर जातो ना! आमचा काय जाणार?

गजाननच्या बायकोचे दिवस भरले होते. कळा सुरू झाल्या तेव्हा गजाननची जीप पहिली होती. अर्धी भरलेली. तो आला आणि अण्णाला म्हणाला, "बीडकर, तुमी नेता का मंगरूळच्या दवाखान्यात? माहा नंबर लागेल हाय."

स्वतःची बायको! मी तोंड उघडणार तोच अण्णानं मला कोपर मारलं आणि गाडी काढली. मागं त्या बाईची सासू, एक शेजारीण आणि मी. अर्ध्या वाटेत सासू ओरडली, "थांबव रे, थांबव!" अण्णानं बाभळीखाली जीप उभी केली. आम्ही दोघं पाठ करून रस्त्याच्या पलीकडं उभे राहिलो. मागून रडण्याचा आवाज आला तेव्हा अण्णानं टोपी काढून आभाळाकडं बघितलं. त्याला मूल नव्हतं. सीटवरचं रक्त मी धुतलं आणि मला अजिबात किळस आली नाही.

बारशाच्या दिवशी गजाननच्या घरून स्टँडवर घुगऱ्या आल्या. मोठं पातेलं. पहिल्या जीपपासून वाटत वाटत निघाले. मी हात धुऊन बसलो.

आमच्यापर्यंत आले आणि पातेलं वाजलं. तळाला दोन हरभरे.

अण्णा म्हणाला, "बघ! घुगऱ्यांचाबी नंबर असतोय!"

*

हा किस्सा अण्णानं सांगितलेला नाही. तो कसा सांगणार?

दुपारचं ऊन होतं. मागं पोतं चढवता चढवता अण्णा छातीला हात लावून खाली बसला. घामानं सदरा ओला. मी पळत पुढं गेलो. पहिली जीप गजाननची.

"गजूभाऊ, आमची गाडी चालव. अण्णाला मंगरूळला नेऊ. मला येत नाही चालवता."

त्यानं पॅसेंजरकडं बघितलं. "एकच सीट बाकी हाय रे. त्या मांगच्याले विचार."

मागचा म्हणाला, "गजानन सुटला का माहाच नंबर." त्याच्या मागचा जेवायला गेला होता.

नानाजी बाकड्यावर होते. मी त्यांचे पाय धरले. हो, धरले! ते म्हणाले, "ऊन लागलं अशीन. कांदा हुंगव. हे गाडी सुटू दे, मंग पाहू."

मी अण्णाला ओढत पुढच्या सीटवर घातलं. पुलाकडं उतार आहे. हँडब्रेक सोडला की गाडी घेते, एवढं मला माहीत होतं. पहिला गिअर पडला, दुसरा पडला. तिसरा टाकायला गेलो तर दांडा अडला, दुसऱ्यावरच राहिलो. इंजिन किंचाळायला लागलं. अण्णाचं डोकं माझ्या खांद्यावर.

"तिसरा टाक, येड्या. इंजन फाटंल."

मला जमलं नाही.

थोड्या वेळानं तो पुन्हा म्हणाला, अगदी हळू, "तिसरा टाक."

नंतर काही बोलला नाही. मंगरूळला डॉक्टरनं त्याचा हात धरला आणि सोडला.

*

अण्णाला जाळून आल्यावर स्टँडवर चर्चा चालू होती. गावचा ड्रायव्हर गेला की स्टँड दिवसभर बंद असतं. आता याचं काय करायचं? बाहेरचा होता, पण नंबरात तर उभा राहायचा. नानाजींनी बराच विचार केला आणि निकाल दिला, "अर्धा दिवस ठेवा बंद."

मी तिथंच उभा होतो, डोकं भादरलेलं, अंगावर पंचा. म्हणालो, "अण्णा अर्धा नाही मेला, नानाजी!"

कोणी वर बघितलं नाही. दुपारनंतर पहिली जीप सुटली.

*

आता गाडी मी चालवतो. शिकवलं कोणी? रागानं.

तेराव्यानंतर पहिल्यांदा स्टँडवर गेलो तेव्हा नानाजी समोरून आले. आवाज मऊ. "लहान्या, आजपासून तुही गाडी गावच्या गाड्यायसंगं लाव. कोनी काई म्हननार नाही."

मी म्हणालो, "नको." आणि पुलाकडं नेऊन उभी केली. तेव्हापासून रोज तिथंच.

मागच्या बाजारच्या दिवशीची गोष्ट. स्टँड भरलेलं. चौघंजण एक बाज खांद्यावर घेऊन पळत आले. बाजेवर नानाजींची बायको, नानी. सरपण काढताना हाताला साप चावलेला, दंडाला कापड आवळून बांधलेलं. नानाजी मागून धावत होते, टोपी नाही, एका पायात वहाण.

आणि सांगतो तुम्हाला, ती बाज गजाननच्या जीपपाशी थांबली नाही. दुसरीपाशी नाही, तिसरीपाशी नाही. एकानंही बाजूला बघितलं नाही. बैल गोठ्याकडं जातो तसे सगळे सरळ पुलाकडं आले आणि माझ्यासमोर थांबले. मग त्यांना कळलं, स्टीअरिंगवर कोण आहे ते.

नानाजींनी बॉनेट धरलं.

मी खाली उतरलो नाही. विचारलं, "नंबर कोणाचा आहे, नानाजी?"

त्यांनी वळून लाईनीकडं बघितलं. गजानन रस्त्याकडं बघत होता.

"तुहा," ते म्हणाले.

"ऐकू नाही आलं."

"तुहा हाय नंबर! तुहाच हाय!" सगळ्या बाजारानं ऐकलं.

बाज आत घातली. मी हँडब्रेक सोडला. उतारावर गाडीनं घेतलं. पूल गेला, बाभळीचं झाड आलं. मागं नानी कण्हत होती. डोळे मिटलेलेच, तिनं विचारलं, "कोनाची गाडी हाय वो हे?"

"आपलीच हाय," नानाजी म्हणाले. "गावचीच हाय. तू गप पड."

मी क्लच दाबला आणि तिसरा टाकला.