सेंट लुशियातली एक दुपार आणि चार ठिकाणचे काका

आधीच सांगून टाकते, भुतंखेतं, अंगात येणं, स्वप्नात येऊन कोणी निरोप देणं... यातलं मी काही मानत नाही. मी क्लिनिकच्या लॅबमध्ये काम करते. रिपोर्ट दोनदा तपासल्याशिवाय सही करत नाही. नवऱ्याचं म्हणणं, त्याचं बोलणंही मी दोनदा तपासते. तर हा अनुभवही तपासून झालाय, आणि तिथे घोडं अडलं ते अडलंच. यात घाबरण्यासारखं काही नाही. त्यासाठी आला असाल तर इथूनच परत फिरा.

दुबईत करामाला आमच्या बिल्डिंगमध्ये तीन मराठी घरं होती. आम्ही म्हणजे मी, प्रसाद आणि नऊ वर्षांची इरा. खालच्या मजल्यावर सावंत आणि सावंतवहिनी. आणि समोरच्या फ्लॅटमध्ये मिलिंद, त्याची बायको स्वाती आणि मिलिंदचे वडील... आम्हा सगळ्यांचे काका. काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. काकांची सगळी नोकरी एसटीत, कोकणातल्या एका स्टँडवर कंट्रोलर म्हणून. गाड्यांची घोषणा करणारा आवाज त्यांचा. पायात मोजे घालून वर सँडल, आणि घड्याळ पाच मिनिटं पुढे. फार गोड माणूस.

२००८च्या उन्हाळ्यात आम्ही तिन्ही घरांनी मिळून हौसेने कॅरिबियनचं बुकिंग केलं. सेंट लुशिया! डिसेंबरमध्ये, ईदच्या सुट्टीला रजा जोडून. मध्ये मंदी येऊन कोसळली, पण तिकिटं काढून झाली होती, म्हणून गेलो. आठ दिवस खरंच स्वर्गात होतो. मऊ वाळू, कोमट पाणी, आणि घाई नावाची गोष्ट त्या बेटावर कोणाला माहीतच नव्हती.

परत आलो आणि एकेकाचं सुरू झालं. मिलिंदची नोकरी गेल्याचं कळलं. मार्च उजाडला तसं त्यांचं पुण्याला परतायचं ठरलं. मिलिंद-स्वातीचं. काका म्हणाले, मी गावी जाऊन राहतो, एकटा. सत्तरी उलटलेला माणूस, छातीचा त्रास, गावच्या घराला कुलूप. मिलिंद हातापाया पडला. काका हसून विषय बदलायचे. का, ते कोणालाच कळत नव्हतं.

निघायच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी मी सगळ्यांना नाश्त्याला बोलावलं. थालीपीठं केली होती. सगळ्यांचे चेहरे पडलेले, म्हणून मीच टूम काढली – प्रत्येकाने सेंट लुशियातली आपली सगळ्यात लाडकी आठवण सांगायची.

सुरुवात मीच केली. ‘‘सहाव्या दिवसाची दुपार. मी बीचवर एकटीच खुर्चीत पडले होते. काका येऊन वाळूत बसले. म्हणाले, झोप गं, वैशाली, चार वाजता उठवतो. वर्षभरात इतकी शांत झोपले नव्हते मी. आणि ते मोठं जहाज बंदरातून भोंगा वाजवत निघालं, तेव्हा काका आपल्या स्टँडच्या आवाजात काय म्हणाले माहितीये? ‘फलाट क्रमांक तीनवरची गुहागर गाडी सुटत आहे, प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात!’’’

सगळे हसले. इरा मात्र भडकली.

‘‘नो मम्मा! आजोबा वॉज ऑन द बोट विथ मी! ही हेल्ड माय हँड. तेव्हाच गुहागर बोलले ते.’’

काचेच्या तळाच्या बोटीतून इराला फिरवायला प्रसाद घेऊन गेला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. ‘‘मला काय विचारतेस?’’ तो म्हणाला. ‘‘मी दुसऱ्या टोकाला उलट्या करत होतो.’’

‘‘अहो, काहीतरीच काय!’’ सावंतवहिनी म्हणाल्या. ‘‘काका माझ्याबरोबर होते. मसाल्याच्या बाजारात. हे हॉटेलात घोरत होते, मी एकटीच गेले, तर काका मागून आले आणि जायफळाची पिशवी हातातून काढून घेतली. भोंगा वाजला तेव्हा आम्ही बाजाराच्या दारात होतो. गुहागरच म्हणाले.’’

आठ दिवसांत तो भोंगा आम्ही एकदाच ऐकला होता. बाजार हॉटेलपासून टॅक्सीने वीस मिनिटं. बोट समुद्रात. मी वाळूत.

आम्ही एकमेकांची थट्टा करायला लागलो, तेवढ्यात काका हळूच म्हणाले, ‘‘मी त्या दुपारी कुठेच गेलो नव्हतो.’’

‘‘मग कुठे होतात?’’ प्रसादने हसतच विचारलं.

‘‘खोलीत होतो. जेवणापासून अंधार पडेपर्यंत. साफसफाईची बाई दोनदा येऊन विचारून गेली, बरं आहे ना म्हणून. भोंगा ऐकला मी. आणि गुहागरचं म्हणालोही. पण पलंगावर बसून. ऐकायला कोणी नव्हतं.’’

‘‘पण का, काका?’’ मी विचारलं. ‘‘इतक्या लांब जाऊन खोलीत का बसलात?’’

त्यांनी थालीपीठाचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला. ‘‘सकाळी मिलिंद स्वातीला म्हणत होता, बाबांना आणायलाच नको होतं. माझ्या कानावर पडलं. खोटं कशाला बोलू, लागलं मला. म्हटलं, आता कोणाच्या मध्ये मध्ये करायचं नाही.’’

गावी एकटं राहायचं खूळ कुठून आलं, ते आम्हाला तेव्हा कळलं. स्वाती खाली बघत होती. मिलिंद पांढराफटक पडला होता.

‘‘म्हणालो होतो, बाबा,’’ तो म्हणाला. ‘‘त्या सकाळी ऑफिसचा फोन आला होता. खलास, परत जॉईन होऊ नका. मी कोणाला सांगितलं नव्हतं, स्वातीलाही नाही. जो दिसेल त्याच्यावर चिडत होतो. दुपारी एकटा जेटीच्या टोकाला जाऊन बसलो आणि... नको नको ते मनात येत होतं. तेव्हा तुम्ही आलात.’’

‘‘मी?’’

‘‘शेजारी बसलात. काही विचारलं नाहीत. पाठीवर हात ठेवून बसून राहिलात. भोंगा वाजला, तुम्ही ते गुहागर म्हणालात आणि मला हसू फुटलं, बाबा. रडता रडता हसलो. मला वाटलं, तुम्हाला सगळं कळलंय. म्हणून तर मी उठून परत आलो.’’

काकांनी ताट बाजूला सारलं. मग उठले, पलीकडे जाऊन मिलिंदच्या शेजारी बसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी रडत होते, सावंतवहिनी रडत होत्या, प्रसाद उगाच चहा बघायला गेला.

थोड्या वेळाने काकांनी विचारलं, ‘‘पुण्याच्या त्या बिल्डिंगला लिफ्ट आहे का रे?’’

मिलिंदने जोरजोरात मान डोलावली. 

नंतर मी माझ्या स्वभावाप्रमाणे सगळे फोटो काढून तपासले. त्या दुपारच्या एकाही फोटोत काका नाहीत. बोटीतल्या फोटोत इरा एकटी बसलीये आणि तिचा हात बाजूला धरलेला आहे... नुसता हवेत. आम्ही सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट मनाने रचली म्हणावं, तर मिलिंदने ती जेटीवरची हकीकत तोवर कोणालाही सांगितली नव्हती.  तुमच्यापैकी कोणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर लिहा, मी दोनदा वाचीन.

एअरपोर्टवर मी काकांना बाजूला घेऊन विचारलं होतं, ‘‘काका, खरं सांगा, आला होतात का तुम्ही?’’

ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, ‘‘मला यायचंच होतं गं. सगळ्यांकडे. दाराच्या कडीला दहा वेळा हात लावला. पण दार काही मी उघडलं नाही.’’